एका डोंगराचे तीन तलाव

मीरा-भाईंदरमधल्या काशीमिऱ्याच्या पाठीशी जो हिरवा डोंगर उभा आहे, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा उत्तरेकडचा भाग. त्याच्या या बाजूचे पाणी चेणे नदीने वसईच्या खाडीत जाते. पलीकडच्या, दक्षिणेच्या उतारांवरचे पाणी मात्र माणसाने अडवले आणि त्यातून तुळशी, विहार आणि पवई हे तीन तलाव घडले. मीरा-भाईंदरकरांना तासा-दोन तासांत गाठता येतील असे हे तलाव म्हणजे महानगराच्या पोटात टिकून राहिलेले नवलच आहे.

या डोंगरात पाणी साठवण्याची विद्या जुनी आहे. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथे राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी लेण्यांजवळ पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी कोरली आणि कातळावरून वाहणारे पावसाचे पाणी पन्हळी खोदून त्यांत वळवले. चार महिन्यांच्या पावसावर उरलेले आठ महिने काढायचे, हाच त्यामागचा हिशेब. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या विहिरी अपुऱ्या पडल्या, तेव्हा अभियंत्यांनी तोच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला. विहार १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९० मध्ये. विहारची साठवण सुमारे २,७७० कोटी लिटर, तुळशीची ८०५ कोटी आणि पवईची ५४५ कोटी लिटर.

तिघांचे नशीब मात्र सारखे निघाले नाही. तुळशी आणि विहार जंगलाच्या कुशीत आहेत. त्यांचे पाणी आजही मुंबईच्या नळांना येते, म्हणून तिथे सर्वसामान्यांना मुक्त प्रवेश नाही. पवईवर तेव्हाचे सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये खर्च झाले, पण ते पाणी पिण्याजोगे ठरले नाही. आता ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला पुरवतात. तहान भागवण्याच्या कामातून सुटलेला हाच तलाव मग गळ टाकणाऱ्यांचा झाला.

पवईच्या काठावर महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही छंद म्हणून मासेमारी करणाऱ्यांची संस्था आहे. इथला छंद धीराचा. कटला, रोहू आणि मृगळ हे तिन्ही कार्प मासे एकाच पाण्यात राहतात, पण त्यांनी मजले वाटून घेतलेले असतात. कटला वरच्या थरात चरतो. त्याचे तोंडही वर वळलेले असते. रोहू मधल्या थरात असतो, तर मृगळ तळाच्या गाळात अन्न शोधतो. म्हणून आमिष किती खोल सोडायचे, हे कोणता मासा हवा त्यावर ठरते.

याहून मोठे नवल या माशांच्या जन्माचे आहे. साठलेल्या पाण्यात हे मासे वाढतात, पण सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचा पूर लागतो. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. देशभरातल्या तळ्यांत आणि धरणांत सोडली जाणारी कार्प माशांची बोटुकली, म्हणजे लहान पिल्ले, बहुतांशी याच तत्त्वावर तयार होतात.

या पाण्याचा खरा धनी आहे मगर. गोड्या पाण्यात राहणारी ही भारतीय मगर तिन्ही तलावांत आहे. मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि त्यांची राखण करते. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरते. त्यामुळे काठाची मोकळी माती तिच्यासाठी घराइतकी मोलाची आहे. पवईच्या काठावर आखलेला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. पाणथळ जागेचा काठ हा पाणथळाचाच भाग आहे, हे त्या निकालाने ठळक झाले.

नौकाविहाराची हौस असेल तर पवईच्या मगरींच्या वाटेला जाऊ नये. बोरिवलीच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानातल्या लहानशा तलावात वर्षानुवर्षे लोकांनी पायाने चालवायच्या होड्यांतून सफर केली आहे. जाण्याआधी ती सोय सुरू आहे का, याची चौकशी करावी. गळ टाकायचा असेल तर आधी रीतसर परवानगी घ्यावी. प्लास्टिकचा दोरा काठावर टाकून येऊ नये. त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात.

पवईला भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी मिळाले आणि त्यावर जलपर्णी माजली. तिच्या दाट थराखाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. एकाच डोंगरावर, एकाच पावसात भरणारे हे तलाव. तरी दोघांचे पाणी मुंबई पिते आणि तिसऱ्याचे पीत नाही. पाणी चांगले राखायचे तर राखण पाणलोटाची करावी लागते. चेणे नदीच्या काठी आता वाढणाऱ्या मीरा-भाईंदरने पवईकडून हा धडा वेळेवर घ्यायला हवा.