दोर तुटला नाही, तरी माणूस मोडला : झाडावर चढणाऱ्यांच्या दोराची गोष्ट, थेट जोतिबावरून

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांना मागं सतत घोंघावणारा आवाज आला असेल. तो माईकचा दोष नाही, जोतिबाचा वारा आहे. रेकॉर्डिंग केलंय वाडी रत्नागिरीत, डोंगरावर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर. खाली कोल्हापूरकडं पान हलत नसतं तेव्हासुद्धा इथं झाडं डोलत असतात. आणि आजचा विषय त्या झाडांवर चढणाऱ्या माणसांचा आहे.

विषय घरातूनच आला. माझा मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या छाटायची कामं घेतो. गेल्या वर्षी चिंचेवर असताना त्याचा पाय सटकला. कमरेला विहिरीवरचा जाड दोर बांधला होता, दुसरं टोक वरच्या फांदीला. पडला किती? जेमतेम मीटरभर. दोर तुटला नाही, फांदी मोडली नाही, गाठ सुटली नाही. तरी बरगड्या मोडल्या. आणि खाली उतरवणारं कुणी नव्हतं म्हणून वीस मिनिटं तसाच लोंबकळत राहिला. बरा झाल्यावर त्याचा एकच प्रश्न होता : "आरं, दोर तर तुटला न्हाई, मग मी कसा मोडलो?"

या भागात मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधलंय.

धक्क्याचं गणित

समजा माणूस ८० किलोचा आहे आणि एक मीटर पडला. आता त्याला थांबवायचंय. दोर अजिबात न ताणणारा असेल आणि पाच सेंटीमीटरमध्ये झटका देऊन थांबवत असेल, तर अंगावर सरासरी साधारण १६८० किलोचा भार येतो. तेच थांबणं अर्ध्या मीटरमध्ये झालं तर भार २४० किलोवर उतरतो. माणूस तोच, उंची तीच. फरक फक्त किती अंतरात थांबला याचा.

दोराची ताकद किलोन्यूटनमध्ये मोजतात. एक किलोन्यूटन म्हणजे जवळपास १०२ किलोचा भार. पडणाऱ्याला थांबवण्याची साधनं अशी बनवतात की अंगावर ६ किलोन्यूटनच्या वर, म्हणजे सहाशे किलोच्या आसपास, धक्का जाऊ नये. तोही पूर्ण अंगाच्या पट्ट्यावर, मांड्या-खांद्यांवर वाटला गेला पाहिजे. दादाचा सगळा धक्का कमरेभोवतीच्या एका दोरावर आला आणि तो सरकून बरगड्यांत रुतला. म्हणजे दोर मजबूत होता हे खरं, पण त्यानं काम चुकीच्या जागी केलं.

दोर सगळे सारखे नसतात

आपल्याकडं दोराला शब्द किती आहेत बघा : सुंभ, कासरा, दावं, चऱ्हाट, नाडा, सोल. प्रत्येकाचं काम वेगळं. कासरा घेऊन कुणी मोट ओढली नाही, आणि सोलानं कुणी शेळी बांधली नाही. मग झाडावर चढतानाच "घरात असेल तो दोर आण" असं का म्हणतो आपण?

काथ्या, घायपात, अंबाडी यांचे दोर पाणी धरतात आणि आतून कुजतात. वरून धडधाकट दिसतात, म्हणून जास्त धोक्याचे. बाजारात मिळणारा पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर बहुधा पॉलीप्रॉपिलीनचा असतो. तो उन्हानं ठिसूळ होतो आणि साधारण १६५ अंशांना वितळतो. घासताना तापला की संपला. ऊस बांधायला, ताडपत्री आवळायला उत्तम. जीव टांगायला नाही.

चढाईचा दोर दोन थरांचा असतो. आत धाग्यांचा गाभा, वर विणलेलं आवरण. भार मुख्यतः गाभा पेलतो, आवरण त्याला घासण्यापासून राखतं. अशा दोरांच्याही दोन जाती :

एक, ताणणारा. डोंगर चढणारे गिर्यारोहक वापरतात, कारण त्यांना पडण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं.

दुसरा, कमी ताणणारा. झाडावर काम करणारे हा वापरतात, जाडी बहुतेक ११ ते १३ मिलिमीटर. याच्यासाठी युरोपचं ईएन १८९१ हे मानक आहे; त्यातल्या 'ए' प्रकारच्या दोराला किमान २२ किलोन्यूटन ताकद लागते.

इथं एक मेख आहे. कमी ताणणारा दोर पडणं झेलण्यासाठी नसतोच. नियम असा की दोर बांधलेली जागा कायम आपल्या डोक्याच्या वर हवी आणि दोरात ढील नको. दोर सतत ताठ असेल तर पडायला अंतरच उरत नाही. दादाच्या दोरात मीटरभर ढील होती. घात तिथं झाला.

सासनकाठीकडून शिकायचं

चैत्र यात्रेला इथं आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. उंचच उंच सासनकाठी एक माणूस पेलतो, पण तिला उभी ठेवतात ते चहूबाजूंनी दोऱ्या धरलेले गडी. एका बाजूची दोरी सैल झाली की काठी दुसरीकडं कलते. गुलालात, गर्दीत, वाऱ्यात ती उभी राहते कारण तिचा तोल एका दोरीवर सोडलेला नसतो.

झाडावर हेच. करवत किंवा मशीन चालवायच्या वेळी माणूस दोन वेगळ्या जागी बांधलेला असावा : एक चढायचा मुख्य दोर, दुसरा कमरेच्या बाजूच्या कड्यांतून खोडाभोवती फिरवलेला आखूड दोर. चालू मशीनचा दात दोराला लागला तर दोर क्षणात कापला जातो. म्हणून या आखूड दोरात पोलादी तार असलेला प्रकारही मिळतो. तार लगेच कापली जात नाही, पण तिच्या भरवशावर निष्काळजीपणा नको.

अंगावर काय हवं

*पट्टा.* झाडावरच्या कामाचा पट्टा बसायला आधार देतो : कंबर आणि दोन्ही मांड्या. नुसता कमरपट्टा घालून लोंबकळायचं नाही. आपल्याकडं बांधकामावर दिसतो तो पूर्ण अंगाचा पट्टा पडणं झेलण्यासाठी असतो. त्याचं भारतीय मानक आयएस ३५२१. घेताना शिक्का बघा.

*कॅरॅबिनर.* म्हणजे कुलूप लागणारी कडी. झाडावरच्या कामात तीन हालचालींशिवाय न उघडणारी वापरतात, कारण फांदीला घासून साधी कडी आपोआप उघडू शकते. आणि भार लांबीच्या दिशेनं यावा. आडवा आला तर तिची ताकद निम्म्याहूनही कमी होते.

*हेल्मेट,* हनुवटीच्या पट्ट्यासकट. मोटारसायकलचं नको, त्यात ऐकू कमी येतं आणि वर बघता येत नाही.

वर जायचं कसं

आधी दोनशे ते चारशे ग्रॅमची छोटी वजनदार पिशवी बारीक दोरीला बांधून भक्कम फांदीवरून फेकतात. तिच्यामागं मुख्य दोर ओढून घेतात. चढण्याआधी दोन माणसांनी खालून लटकून फांदी तपासायची. शेवग्यावर कुणी भरवसा ठेवत नाही, पण चिंच-आंब्यालाही वाळवी, पोकळी, जुनी चीर असते.

मग येते गाठ. निरगाठ आणि सुरगाठ आपल्याला ठाऊक आहेत. इथं लागते तिसरी, पकडगाठ म्हणू. मुख्य दोराभोवती बारीक दोराचे वेढे घालायचे. भार आला की वेढे आवळतात, भार काढला की सरकतात. यातली प्रसिद्ध 'प्रुसिक' गाठ ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडली. एका दोराच्या तुकड्यानं माणूस हवा तिथं थांबतो. मात्र सर्रकन उतरायचं नाही. घर्षणानं गाठ तापते आणि नायलॉन वितळू लागतो.

आणि लक्षात ठेवा, कुठलीही गाठ दोराची ताकद कमी करते, काही गाठी तर तिसऱ्या हिश्शापर्यंत. म्हणून दोर गरजेच्या कितीतरी पट मजबूत घेतात.

पायाला लावायचे लोखंडी काटे फक्त तोडायच्या झाडावर. जिवंत झाडाला ते जखमा करतात आणि जखमेतून कीड-बुरशी शिरते.

दोर जपायचा कसा

लाल माती, बारीक खडे, इथल्यासारखा गुलाल, काहीही दोरात शिरू देऊ नका. खडे आतले धागे कापत राहतात. साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवू नका. आम्लानं नायलॉन सडतो आणि डाग दिसेलच असं नाही. दर वापराआधी दोर हाताच्या मुठीतून सरकवत नेऊन बघा : कुठं मऊ, कुठं कडक, कुठं फुगीर लागतो का. शंका आली की बाद. आणि बाद केलेल्याचे तुकडे करा, नाहीतर तो परत कुणाच्या तरी कमरेला जातो.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला म्हणतो. खराब दोराचंही तेच. पीळ दिसतो, जीव गेलेला असतो.

लोंबकळणारा माणूस

हा मुद्दा सगळ्यात कमी बोलला जातो. पट्ट्यात हालचाल न करता लटकलं की पायांत रक्त साचतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून एकट्यानं झाडावर चढायचं नाही. खाली एक असा गडी हवा ज्याला चढता येतं आणि ज्याच्याकडं दुसरा दोर तयार आहे. जवळ विजेची तार असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय सुरुवातच नको. अपघात झालाच तर १०८.

केरळकडं बघा. तिथं नारळावर चढणारे कमी पडू लागले, तेव्हा नारळ विकास मंडळानं २०११ मध्ये 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हे प्रशिक्षण सुरू केलं : यंत्रानं चढणं, सुरक्षितता, आणि जोडीला अपघात विमा. चढणं हे कसबी काम आहे हे तिथं मान्य झालं. आपल्याकडं छाटणीवाला अजून 'दोनशे रुपये कमी कर की' याच भाषेत मोजला जातो.

तेव्हा झाड छाटायला माणूस बोलवाल तेव्हा भाव ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा : पट्टा आहे का? दुसरा दोर आहे का? खाली उतरवणारा कोण? उत्तर नाही आलं तर काम पुढं ढकला. फांदी आठवडाभर थांबते.

दादा आता परत चढतो. नवा दोर, नवा पट्टा, खाली त्याचा मेव्हणा. जुना विहिरीवरचा दोर मात्र मामीनं फेकू दिला नाही. परड्यात कपडे वाळत घालायला बांधलाय.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावच्या चढणाऱ्या माणसाला हा भाग नक्की ऐकवा. जोतिबाच्या नावानं चांगभलं!