एकवीस गिअरांचा हिशेब

दुकानात मांडलेल्या माउंटन बाइकच्या नळीवर '२१ स्पीड' हा आकडा ठसठशीत छापलेला असतो आणि त्याच्यापुढे गिऱ्हाईक आपली विवेकबुद्धी बिनदिक्कत गहाण टाकते. वस्तुतः पुढची तीन चक्रे गुणिले मागची सात, एवढाच त्या आकड्याचा खुलासा असून, त्यांतील कित्येक जोड्या परस्परांच्या जवळपास प्रतिकृती असतात, तर काहींत साखळी इतकी तिरपी ओढली जाते की त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे कारागीर स्वतःच बजावतात.

शिमानोच्या टूर्नी या प्राथमिक श्रेणीतील नेहमीचा संच पाहावा. पुढे ४२, ३४ व २४ दातांची चक्रे आणि मागे १४ ते ३४ दातांचे फ्रीव्हील. चढणीवर उपयोगी पडणारे सर्वांत हलके प्रमाण २४ भागिले ३४, म्हणजे सुमारे ०.७१. आता मायक्रोशिफ्ट या तैवानी कंपनीने २०१९ साली बाजारात आणलेला ॲडव्हेंट संच घ्यावा: पुढे एकच चक्र, मागे ११ ते ४२ दातांची नऊ. पुढचे चक्र ३० दातांचे बसविले तर ३० भागिले ४२, हेही ०.७१! वरच्या टोकाला पहिल्याचे प्रमाण ३ आणि दुसऱ्याचे २.७३, हा फरक डांबरी उतारावर जोराने पेडल मारणाऱ्यासच काय तो जाणवेल. म्हणजे एकविसांच्या जागी नऊ आले, साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा पुढचा डिरेलर, त्याला हुकूम देणारा शिफ्टर आणि त्याची केबल हा सारा लवाजमा गळाला, आणि सिंहगडाच्या घाटात मांड्यांवर पडणारा भार होता तेवढाच राहिला.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, हे समीकरण मात्र डिरेलरला सरसकट लावता येत नाही. ज्या डिरेलरला टूर दे फ्रान्सच्या कारभाऱ्यांनी १९३७ पर्यंत शर्यतीत मज्जाव केला होता, त्याला आजचे रूप देणारी कल्पना, म्हणजे तिरपा समांतरभुज सांगाडा, सनटूर या जपानी कंपनीची १९६४ सालची. तिच्या पेटंटची मुदत १९८४ च्या सुमारास संपताच इतरांनी ती उचलली आणि आज साध्यात साध्या डिरेलरच्या देहातही तीच भूमिती नांदते. कारखानदार काटकसर करतो ती अन्यत्र: ॲल्युमिनियमच्या जागी पोलादी पत्रा, सैल सांधे, हलक्या प्रतीच्या चकत्या. ग्राहकाची नजर मागच्या डिरेलरवर खिळते हे ठाऊक असल्याने तो एक भाग वरच्या श्रेणीचा लावून शिफ्टर व हब यांत हात आखडता घेण्याचा रिवाजही या व्यापारात जुनाच आहे. गिअर नेमका पडणे जितके डिरेलरवर, तितकेच शिफ्टरवर अवलंबून असते. किंबहुना निवड करण्याचा प्रसंग आलाच तर मी चांगल्या शिफ्टरच्या बाजूने कौल देईन.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा, आणि चौकशीत बहुधा शेवटी येणारा, प्रश्न मागच्या हबचा आहे. फ्रीव्हीलची जुनी पद्धत अशी, की दातांचा सबंध गठ्ठा हबच्या आट्यांवर फिरवून बसवितात. त्यामुळे उजवीकडचे बेअरिंग आत सरकते, आसाचा बराचसा भाग आधाराविना पुढे राहतो, आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर हिसके बसू लागले की तो वाकतो, प्रसंगी मोडतो. कॅसेटच्या पद्धतीत हबच्याच अंगाला जोडलेल्या दंडगोलावर चक्रे सरकवितात आणि बेअरिंग पार बाहेरच्या टोकाशी जाते. शिवाय शिमानोचा हा नेहमीचा दंडगोल ८, ९ आणि १० चक्रांच्या कॅसेटी निमूटपणे स्वीकारतो, म्हणजे पुढील सुधारणेची वाट मोकळी राहते. ओळखण्याची खूण सोपी आहे: चक्रे उलटी फिरवावीत, हत्यार अडकविण्याच्या खाचा त्यांच्याबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागीच राहिल्या तर फ्रीव्हील. पैसा तोकडा असेल तर चक्रांच्या संख्येत तडजोड करावी, हबमध्ये करू नये.

सरमिसळीचा मामलाही तपासून घ्यावा. शिमानोच्या माउंटन श्रेणीतील ७, ८ व ९ चक्रांचे मागचे डिरेलर केबलीच्या एकाच मापाने चालतात. १० चक्रांचे माप निराळे, २०२३ साली आलेल्या क्यूज मालिकेचे त्याहून निराळे, आणि ॲडव्हेंटचा कारभार सर्वस्वी स्वतंत्र. सबब शिफ्टर आणि डिरेलर जोडीनेच घ्यावेत. शिमानोच्याच डेओर श्रेणीतील १२ चक्रांच्या संचास तर मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळाच दंडगोल लागतो, तेव्हा कॅसेट घेण्यापूर्वी हब बदलण्याची तजवीज करावी लागते.

क्लच ही खर्चाची आणखी एक बाब. डिरेलरच्या भुजेला घर्षणाने आवर घालून तो साखळीचे फटकारे थांबवितो. पुढे एकच चक्र असेल आणि सह्याद्रीतल्या सुट्या काळ्या दगडांवरून उतरावयाचे असेल तर तो हवाच, आणि ॲडव्हेंटच्या पसंतीचे मोठे कारण हेच आहे. ज्यांची मजल कात्रज व बोपदेवच्या डांबरी घाटांपुरती, त्यांनी त्यापायी खिसा रिकामा करू नये. त्यांना शिमानोच्या अल्टस श्रेणीतील आठ चक्रांची कॅसेट पुरून उरेल, आणि तिला चालणारी साखळी तालुक्याच्या दुकानातही मिळण्याचा संभव अधिक.

नवा संच घेण्याचे मनात येण्याआधी मात्र जुन्याची झडती घ्यावी. आपल्याकडच्या पावसात केबलीच्या आवरणात चिखल शिरतो, तार गंजते, आणि बोल डिरेलरला लागतो. केबल व आवरण बदलण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ असतो. साखळीची परीक्षा साध्या फूटपट्टीनेही होते. एका खिळ्याच्या मध्यापासून मोजलेला चोविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर यावा. तो सोळांश इंच पुढे गेला असेल तर साखळी बदलावी, अष्टमांश इंच पुढे गेला असेल तर कॅसेटचे दातही तिच्याबरोबर झिजले असे धरून चालावे.