ओमान देशाची दौलत : तेल आणि पाणी

पेरणीच्या दिवसांत युरियाचें पोतें खांद्यावर घेणाऱ्या आपल्या शेतकरी बंधूंपैकीं फारच थोड्यांस हें ठाऊक असेल कीं, या खताचा कांहीं भाग अरबी समुद्रापलीकडील सूर नांवाच्या बंदराजवळ तयार होऊन आपल्या देशांत येत आला आहे. हा कारखाना ओमान देशांत आहे. तो उभारतांना निम्मा हिस्सा ओमान सरकारच्या तेलकंपनीनें व प्रत्येकीं पाव हिस्सा इफ्को आणि कृभको या आपल्या दोन सहकारी संस्थांनीं घेतला. २००५ सालीं तो सुरू झाला; वर्षाला सुमारें साडेसोळा लाख टन युरिया काढण्याची त्याची शक्ति आहे. तेथील जमिनीच्या पोटांतील वायु हा त्याचा कच्चा माल होय. ज्या देशाच्या दौलतीचा अंश आपल्या मातींत मिसळतो, तो देश कसा आहे, तेथें राज्य कोण करतो व लोक कशावर जगतात, हें जाणून घेणें शेतकऱ्यास निरुपयोगी खास नाहीं.

ओमानचें क्षेत्रफळ सुमारें तीन लाख दहा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढेंच आहे. परंतु २०२० च्या शिरगणतींत तेथें माणसें भरलीं अवघीं ४४ लाख ७१ हजार, आणि त्यांतहि शेंकडा ३९ च्या सुमारास परदेशीय. याचें कारण पाण्याचें दुर्भिक्ष. देशाच्या बहुतेक भागांत वर्षाकाठीं चार इंचांच्या आसपास पाऊस पडतो. दक्षिणेकडील धोफार प्रांत मात्र याला अपवाद आहे. तेथें जून ते सप्टेंबर या महिन्यांत नैर्ऋत्येचे वारे डोंगरांवर धुकें व रिमझिम घेऊन येतात आणि सारा मुलूख हिरवागार होतो. या ऋतूस तेथील लोक ‘खरीफ’ म्हणतात. जो शब्द आपण ज्वारी-बाजरीच्या हंगामास लावतों, तोच हा अरबी शब्द.

आपला व ओमानचा संबंध नवा नाहीं. कच्छचे भाटिये व्यापारी मस्कत बंदरांत पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या घालून राहिले आहेत व तेथें त्यांचीं देवळेंहि आहेत. मस्कतच्या बाजारांत १९७० पर्यंत रुपया चालत असे. आखाती देशांकरितां आपल्या रिझर्व्ह बँकेनें १९५९ सालीं निराळा रुपयाच काढला होता. पुढें तेथें रियाल हें नाणें आलें. त्या रियालाचे हजार भाग असतात व प्रत्येक भागास ‘बैसा’ म्हणतात. हा बैसा म्हणजे आपला पैसाच, हें सांगावयास नको.

राज्यकारभार सुलतानाचा आहे. १९७० च्या जुलैमध्यें काबूस बिन सईद यांनीं आपल्या वडिलांस पदच्युत करून गादी घेतली. त्या वेळीं साऱ्या देशांत तीन शाळा व सुमारें दहा किलोमीटर पक्की सडक होती असें सांगतात. तेलाची निर्यात १९६७ सालींच सुरू झाली होती. त्या उत्पन्नांतून काबूस यांनीं रस्ते, दवाखाने व शाळा यांचें जाळें विणलें आणि पन्नास वर्षें राज्य केलें. जानेवारी २०२० मध्यें त्यांच्या निधनानंतर त्यांचे चुलतबंधु हैसम बिन तारिक सुलतान झाले. १९९६ सालीं देशास लेखी मूलभूत कायदा मिळाला. मजलिस-अल-शूरा ही सभा लोकनियुक्त आहे, दुसरी सभा सुलतानानें नेमलेली असते. राजकीय पक्षांस मुभा नाहीं व अखेरचा शब्द सुलतानाचाच. लोकांत इबाधी पंथाचे मुसलमान पुष्कळ असून, अन्य पंथ व धर्म यांच्याशीं सलोख्यानें वागण्याबद्दल त्यांची ख्याति आहे.

दररोज सुमारें दहा लाख पिंपें तेल काढणाऱ्या या देशाच्या सरकारी उत्पन्नाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग तेल व वायु यांपासून येतो. परंतु जमिनीखालील ठेव भरून येत नाहीं, आणि तिचा भाव ठरविणें हातचें नसतें. २०११ सालीं सोहार शहरीं तरुणांनीं नोकऱ्यांसाठीं चळवळ केली. २०१४ नंतर व पुन्हां २०२० सालीं तेलाचे भाव कोसळले, तेव्हां सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ७० च्या घरांत गेलें. पुढें भाव चढल्यावर त्यांतील बरेंच फेडलें गेलें, हें सरकारास भूषणावह आहे. पण धडा मिळाला तो मिळालाच. २०२१ पासून विक्रीच्या मालावर शेंकडा पांच कर बसला, आणि मोठ्या मिळकतीवर २०२८ पासून प्राप्तीवरील कर घेण्याचा कायदा २०२५ सालीं झाला. आखाती अरब राज्यांत असा कायदा हा पहिलाच.

तथापि तेलाहून जुनी अशी या देशाची एक दौलत आहे, आणि तिच्याकडे संभाजीनगरच्या वाचकानें विशेष लक्ष द्यावें. तिचें नांव ‘फलज’. डोंगराच्या पायथ्याशीं खोल विहीर खणून पाण्याचा झरा गांठावयाचा. तेथून गांवाकडे अगदीं मंद उताराचें भुयार काढावयाचें. हवा खेळावी व गाळ काढतां यावा म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं उभीं विवरें पाडावयाचीं. म्हणजे मोट ना पंप, पाणी आपल्या वजनानें शेतापर्यंत येतें. असे सुमारें तीन हजार फलज अजून चालू आहेत. त्यांपैकीं पांचांस २००६ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या वाचकांस हें वर्णन परकें वाटणार नाहीं. हबसाणांत जन्मलेल्या व अरबांच्या गुलामबाजारांतून दख्खनेंत आलेल्या मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेल्या खडकीस याच तत्त्वावर भूमिगत नहर दिली, आणि पाणचक्कीचें पातें फिरलें तें अशाच नहरीच्या पाण्यावर.

फलजाची खरी थोरवी मात्र भुयारांत नसून वांटणींत आहे. पाणी गांवांत शिरतांच पहिला हक्क पिण्याचा. मग स्नान व मशीद. मग खजुरीच्या बागा. आणि सर्वांत शेवटीं हंगामी पिकें. पाण्याच्या पाळ्या वेळेवर मोजतात. दिवसा सावलीवरून व रात्रीं ताऱ्यांवरून. अर्ध्या तासाच्या पाळीस ‘अथर’ म्हणतात. ती वारशानें मिळते व विकतांहि येते. कांहीं पाळ्यांचा लिलांव करून त्या पैशांतून फलजाची दुरुस्ती होते, आणि देखरेखीस गांवानें निवडलेला वकील असतो. दुष्काळाच्या वर्षीं हंगामी रानें पडीक ठेवतात, पण झाडें मरूं देत नाहींत. जेवढें पाणी वाहतें तेवढेंच वांटावयाचें, अधिक ओढण्याची सोयच नाहीं. म्हणून शेंकडों वर्षें हे झरे टिकले.

आतां याची दुसरी बाजू पाहा. मस्कतच्या वायव्येस बातिना नांवाची किनारपट्टी आहे. तेथें पूर्वीं बैलांच्या मोटेनें विहिरींचें पाणी काढीत. तेलाचा पैसा आला, तसे घरोघर पंप आले. विहिरी वाढल्या, खोल गेल्या. पाझरापेक्षां उपसा अधिक झाला, आणि गोड पाणी जेथून हटलें तेथें समुद्राचें खारें पाणी शिरलें. खजुरीच्या जुन्या बागा वाळल्या व कित्येक रानें क्षारपड होऊन सुटलीं. सरकारानें विहिरींस परवाने लावले, १९८५ पासून पुराचें पाणी जमिनींत जिरविण्यासाठीं बंधारे घातले. परंतु खारावलेली जमीन एका पिढींत गोड होत नाहीं. आज मस्कतकर जें पाणी पितात तें बहुतांशीं समुद्राचें मीठ काढून केलेलें असतें, आणि त्या यंत्रांस लागणारी शक्ति पुरविणारा तो पुन्हां भूगर्भांतील वायुच!

आपल्याकडे समुद्र नाहीं, तेव्हां खारें पाणी शिरण्याचें भय नाहीं, असें कोणी म्हणेल. खरें आहे. आपल्या काळ्या कातळाखालीं पाणी संपलें म्हणजे तेथें कांहींच शिरत नाहीं; विंधणविहीर नुसती कोरडी पडते. तेल विकून समुद्राचें पाणी गोड करण्याची सोयहि मराठवाड्यास नाहीं. शेजाऱ्यानें दोनशें फूट नेली म्हणून आपण तीनशें न्यावी, या चढाओढींत मोसंबीची बाग कोणाची वांचली हें प्रत्येकानें आपापल्या शिवारांत पाहावें. गांवचें पाणी मोजून पाळ्या ठरविणें, अगोदर पिणें व झाडें आणि मग उरेल त्याचें पीक घेणें, ही रीत कोणा राजाच्या हुकमावांचून ओमानच्या खेड्यांनीं चालविली. ज्या शहराच्या पोटांतून नहरी गेल्या आहेत, तेथील शेतकऱ्यांनीं ती आपल्या गांवसभेंत मांडून पाहण्यास काय हरकत आहे?