चुकलेली किंमत, कळलेली चूक
दुकानदाराने चुकून कमी लावलेल्या किमतीचा लाभ घेणे कितपत योग्य, हे मुख्यतः ग्राहकाला ती चूक कळली होती का, यावर ठरते. सिंगापूरमध्ये जानेवारी २००३ मध्ये ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर संकेतस्थळावर ६६ डॉलरला दिसू लागला. सहा जणांनी मिळून तब्बल १,६०६ प्रिंटर मागवले. घरगुती वापरासाठी अर्थातच नव्हे. चूक त्यांना ठाऊक होती, असे म्हणत न्यायालयाने २००४ मध्ये करार रद्दबातल ठरवला. २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. नकळत स्वस्त मिळालेल्या एखाद्या वस्तूबद्दल मात्र ग्राहकाला दोष देता येत नाही. किमतीची चूक वेगळी; पण चुकून हाती आलेले पैसे वा वस्तू भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७२ नुसार परत करावी लागते.