कुलूप एकीकडे, किल्ली दुसरीकडे

गोपनीय कागद पूर्वी लाखेची मोहोर लावलेल्या लिफाफ्यातून जात. आज संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील लाभार्थ्यांची यादी मोबाईलवरून क्षणात पाठविता येते; एखाद्या निराधार वृद्धेचा आधार व बँक खाते क्रमांकही तिच्यासोबत जातो.

अशी फाईल पाठविण्यापूर्वी तिला परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड घालणे अगत्याचे आहे. वर्ड वा एक्सेलमध्ये फाईल उघडण्यासाठी पासवर्ड दिल्यास मजकूर सांकेतिक रूपात बदलतो. केवळ फेरफार रोखणारा पासवर्ड दिल्यास मात्र ती कोणालाही वाचता येते. दुसऱ्यालाच पहिला समजून निर्धास्त राहणे घातक होय.

पासवर्ड सहज ओळखता येणारा नसावा. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे व जन्मवर्ष मिळून बनतो. परिचितास तो सहज सुचेल! म्हणून जेथे चालेल तेथे आधार क्रमांकाचे शेवटचे ४ अंकच दाखविणारी प्रत द्यावी.

फाईलसोबतच पासवर्ड लिहून पाठविणे म्हणजे कुलपालाच किल्ली बांधणे. तो दूरध्वनीवरून तोंडी कळवावा. विसरल्यास फाईल उघडणे दुरापास्त होते. सबब मूळ प्रत कार्यालयात सुरक्षित ठेवावी.