पत्रा, धूळ आणि सूक्ष्मदर्शक : जुन्या घरांतील ॲस्बेस्टसविषयीचे गैरसमज

ॲस्बेस्टस हे एका खनिजाचे नाव आहे, हा या विषयातील सर्वांत जुना आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी गैरसमज होय. वस्तुतः निसर्गात तंतुरूपाने आढळणाऱ्या सहा सिलिकेट खनिजांना व्यापाराने दिलेले ते सामाईक नाव असून, त्यांपैकी क्रायसोटाइल अर्थात पांढरे ॲस्बेस्टस हे कुरळ्या तंतूंचे, तर अमोसाइट (तपकिरी), क्रोसिडोलाइट (निळे) आणि उरलेली तीन खनिजे सरळ, सुईसारख्या तंतूंची असतात. हे तंतू जळत नाहीत, ओढले तरी सहजी तुटत नाहीत, कापसासारखे विणता येतात आणि सिमेंटमध्ये मिसळले की त्याला बळकटी देतात. शिवाय ते स्वस्त होते, त्यामुळे विसाव्या शतकातील इमारतींमध्ये त्यांनी शेकडो वाटांनी प्रवेश केला. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातील जुन्या घरांत ते बॉयलरच्या नळांवरील लेपात, भिंतींच्या तक्त्यांत, छताच्या नक्षीदार गिलाव्यात आणि जमिनीच्या फरशांत सापडते. महाराष्ट्रात मात्र त्याचे रूप बहुतांशी एकच, ते म्हणजे छपरावरचा पन्हळी ‘सिमेंटचा पत्रा’, आणि या नावात ॲस्बेस्टस हा शब्दच नसल्यामुळे आपल्या डोक्यावर नेमके काय आहे याची कल्पना अनेक घरमालकांना नसते.

घरात ॲस्बेस्टस आहे म्हणजे घरातील माणसे आजारी पडणारच, ही समजूत जितकी चुकीची आहे तितकीच ‘पत्रा काही कोणाला चावत नाही’ ही बेफिकिरीही. धोका वस्तूत नसून तिच्यापासून सुटून हवेत गेलेल्या तंतूंत असतो. मोजणीच्या शास्त्रीय संकेतानुसार पाच मायक्रोमीटरपेक्षा लांब, तीन मायक्रोमीटरपेक्षा कमी जाडीचा आणि जाडीच्या किमान तिप्पट लांबी असलेला तंतू हा श्वासाबरोबर आत जाणारा तंतू मानला जातो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे असा तंतू नुसत्या डोळ्यांना का दिसत नाही ते कळते. म्हणून प्रश्न विचारायचा तो ‘ॲस्बेस्टस आहे की नाही’ एवढाच नसून ‘ते किती घट्ट बांधलेले आहे’ हाही असतो. सिमेंटच्या पत्र्यात त्याचे प्रमाण बहुधा १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असते आणि तंतू सिमेंटने जखडलेले असतात. नळांवरील जुन्या लेपात किंवा फवारून बसवलेल्या थरात मात्र ते कित्येक पटींनी अधिक असते आणि थर हाताने चुरडता येतो. पहिल्या प्रकारचा अभंग पत्रा वर्षानुवर्षे जवळजवळ निरुपद्रवी राहू शकतो, तर दुसऱ्या प्रकारच्या लेपाला शिडीचा धक्का लागला तरी खोलीतील हवा दूषित होते.

‘आजोबांच्या काळापासून हाच पत्रा आहे, कोणाला काही झाले नाही’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, परंतु या रोगांच्या गतीपुढे तो टिकत नाही. ॲस्बेस्टोसिस म्हणजे तंतूंमुळे फुप्फुसांच्या ऊतींत व्रणासारखे कठीण धागे तयार होऊन श्वास अपुरा पडत जाणे; मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसांच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, आणि तो संपर्कानंतर बहुधा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. फुप्फुसे, स्वरयंत्र व अंडाशय यांच्या कर्करोगांशीही ॲस्बेस्टसचा संबंध सिद्ध झाला आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथील नेली केरशॉ ही ॲस्बेस्टसच्या कापडगिरणीतील कामगार १९२४ मध्ये वारली आणि तिच्या फुप्फुसांवरून विल्यम कुक यांनी ॲस्बेस्टोसिसचे वर्णन केले. मेसोथेलिओमाचा संबंध मात्र ठळकपणे पुढे यायला १९६० साल उजाडावे लागले, जेव्हा वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्शंड यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टसच्या खाणपट्ट्यातील ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या रुग्णांपैकी कित्येकांनी खाणीत कधी कामच केले नव्हते, ते केवळ त्या परिसरात राहिलेले होते. पुढे १९६५ मध्ये लंडनमधील अभ्यासात कामगारांच्या घरच्या माणसांमध्येही हा रोग आढळला, आणि कामावरून आलेले धुळीचे कपडे झटकून धुणारी स्त्री ही या रोगाच्या इतिहासातील एक ठरलेली व्यक्ती बनली. हा धोका फक्त कारखान्यातील मजुरांचा, असे म्हणणाऱ्यांसाठी याहून अधिक पुरावा नको.

याउलट एका तंतूने माणूस मरतो, अशी भीतीही पसरलेली असते. ज्याखाली धोका शून्य आहे अशी सुरक्षित मर्यादा शास्त्राला सापडलेली नाही, हे खरे. पण ‘सुरक्षित मर्यादा नाही’ आणि ‘प्रत्येक संपर्क प्राणघातक आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. धोका किती तंतू, किती वेळा आणि किती वर्षे श्वासातून गेले यानुसार वाढतो. एकदा पत्र्याचा तुकडा उचलला म्हणून घाबरून छातीचा सीटी स्कॅन करून घेण्यात काही हशील नाही. धूम्रपान सोडण्यात मात्र आहे, कारण धूम्रपान आणि ॲस्बेस्टस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता नुसती बेरजेने वाढत नाही, ती जवळपास गुणाकाराने वाढते. ॲस्बेस्टस सिमेंटच्या टाकीतील पाण्याविषयीची भीती याच जातीची आहे : पाण्याबरोबर पोटात गेलेल्या तंतूंमुळे अपाय होतो याचा सुसंगत पुरावा मिळालेला नाही, त्यामुळे त्या टाकीचा खरा प्रश्न ती फोडून काढताना उडणाऱ्या धुळीचा आहे.

पांढरे ॲस्बेस्टस सुरक्षित असते, हा गैरसमज अज्ञानातून आला नसून तो जोपासला गेला आहे. क्रायसोटाइलचे तंतू फुप्फुसात इतर प्रकारांपेक्षा लवकर विरघळतात, ही त्यामागची अर्धी खरी गोष्ट. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सहाही प्रकारांना, क्रायसोटाइलसह, मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि ते अर्धे सत्य तेथेच संपते. ब्रिटनने निळ्या व तपकिरी प्रकारांवर १९८५ मध्ये आणि पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी घातली. भारतात ॲस्बेस्टसवर बंदी आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते, आणि ती खरी नाही. खाणपट्ट्यांना परवानग्या देणे शासनाने थांबवले, पण आयात केलेल्या क्रायसोटाइलपासून पत्रे बनवणे व विकणे कायदेशीर राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपण्याचे व भरपाईचे आदेश दिले. सरसकट बंदीची मागणी मात्र २०११ मध्ये फेटाळली. म्हणजे एकीकडे परदेशातील मराठी कुटुंबाला जुने घर घेताना ॲस्बेस्टसचा अहवाल वाचावा लागतो, आणि दुसरीकडे त्याच कुटुंबाच्या गावाकडच्या घरावर नवा पत्रा चढत असतो.

पत्रा पाहून, वाजवून किंवा त्याच्या रंगावरून ॲस्बेस्टस ओळखता येते, हा मिस्त्रीलोकांचा आवडता दावा होय. सेल्युलोज व कृत्रिम धागे वापरून केलेले ॲस्बेस्टसविरहित पत्रे दिसायला हुबेहूब तसेच असतात, आणि उलटपक्षी निळे ॲस्बेस्टस उष्णतेने किंवा रंगाच्या थराखाली निळे दिसेनासे होते. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते. नमुना घेणारी प्रशिक्षित व्यक्ती योग्य श्वसनमुखवटा लावून प्रथम ती जागा ओली करते, थराच्या पूर्ण खोलीतून लहानसा तुकडा काढते, तो दुहेरी पिशवीत बंद करते आणि उघडी पडलेली जागा बुजवते. एकाच खोलीतील दोन भिंतींचे तक्ते वेगवेगळ्या काळातील असू शकतात, म्हणून एका नमुन्यावरून सगळ्या घराचा निवाडा होत नाही. प्रयोगशाळेत नमुन्यातील तंतू ध्रुवित प्रकाशाच्या, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या, सूक्ष्मदर्शकाखाली ज्ञात अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवून पाहतात. अपवर्तनांक म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप. क्रायसोटाइलसाठी साधारण १.५५, अमोसाइटसाठी १.६७ आणि क्रोसिडोलाइटसाठी १.७० अपवर्तनांकाचा द्रव वापरला की तंतूंच्या कडांना येणाऱ्या रंगछटांवरून प्रकार ओळखता येतो. खनिजशास्त्रातील ही जुनी युक्ती अजूनही या कामाचा कणा आहे.

वस्तूची ही चाचणी आणि हवेची चाचणी यांत ग्राहकाची गल्लत होते. हवा पंपाने गाळणकागदातून ओढून त्यावरील तंतू मोजले की त्या तासाला त्या खोलीत किती तंतू तरंगत होते एवढेच समजते. आज हवा स्वच्छ आली म्हणून छतात ॲस्बेस्टस नाही असे ठरत नाही. त्यातून नेहमीच्या मोजणीच्या सूक्ष्मदर्शकाला ॲस्बेस्टसचा तंतू आणि त्याच आकाराचा दुसरा तंतू यांतील फरकच कळत नाही, म्हणून ही चाचणी मुख्यतः काम चालू असताना आणि संपल्यावर उपयोगी पडते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की, ॲस्बेस्टस सापडले की ते ताबडतोब काढून टाकावे. शांतपणे पडून असलेल्या वस्तूतून सर्वाधिक तंतू सुटण्याचा क्षण म्हणजे ती काढण्याचा क्षण. म्हणूनच सुस्थितीतील वस्तू जागेवरच ठेवून, तिची नोंद करून, ठरावीक काळाने पाहणी करणे किंवा तिच्यावर लेप अथवा आवरण घालून तिला बंदिस्त करणे हा ब्रिटनच्या नियमांत पूर्णपणे मान्य असलेला मार्ग आहे. नूतनीकरण किंवा पाडकाम ठरले असेल, अथवा वस्तू ठिसूळ झाली असेल, तर काढणे अटळ होते. तेव्हा लेप, फवारलेले थर आणि बहुतेक उष्णतारोधक तक्ते यांचे काम केवळ परवानाधारक कंत्राटदारालाच करता येते. कामाची जागा जाड प्लॅस्टिकने वेढून तिच्यात धूर सोडून गळती तपासतात. गाळणीयुक्त पंख्याने आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट राहिलीच तर हवा बाहेरून आत येईल, आतून बाहेर जाणार नाही. वस्तू ओली ठेवून, न फोडता, हाताच्या हत्यारांनी सुटी करतात, आणि कामगार टप्प्याटप्प्याच्या खोल्यांतून, अंग धुऊन बाहेर येतात. काम संपल्यावर स्वतंत्र विश्लेषक चार पायऱ्यांनी जागा तपासतो : आधी कामाच्या जागेची प्राथमिक पाहणी, मग कोपरान् कोपरा न्याहाळणारी बारीक तपासणी, मग जमीन व पृष्ठभाग मुद्दाम झाडून धूळ उडवत घेतलेली हवेची मोजणी, ज्यात दर घनसेंटिमीटरला ०.०१ पेक्षा कमी तंतू यावे लागतात, आणि शेवटी वेढा उतरवल्यावरची तपासणी. मुद्दाम झाडण्याची ही अट वरवर विचित्र वाटते, पण खाली बसलेली धूळ लपून राहू नये यासाठीच ती आहे. या साऱ्यापुढे तोंडाला रुमाल बांधून आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनर फिरवून केलेली ‘सफाई’ काय करते हे सांगायलाच हवे : रुमालातून व साध्या शस्त्रक्रियेच्या मुखपट्टीतून तंतू आरपार जातात, आणि घरगुती यंत्र कोपऱ्यातील तंतू ओढून घेऊन मागच्या जाळीतून सबंध घरात पसरवते.

व्यावसायिकांनी काढले म्हणजे प्रश्न कायमचा मिटला, असेही नाही. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे १९६८ ते १९७९ या काळात एका ठेकेदाराने हजाराहून अधिक घरांच्या छतांत उष्णतारोधक म्हणून सुटे, भुसभुशीत ॲस्बेस्टस, मुख्यतः अमोसाइट, पंपाने भरले. स्थानिक लोक त्याला ‘मिस्टर फ्लफी’ म्हणत. शासनाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत ती छते साफ करवली आणि घरमालक निर्धास्त झाले. परंतु तंतू भिंतींच्या पोकळ्यांत आणि जमिनीखालीही झिरपलेले होते, आणि अखेर २०१४ मध्ये ती घरेच विकत घेऊन जमीनदोस्त करण्याची योजना जाहीर करावी लागली, जिच्यासाठी केंद्र सरकारने १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचे कर्ज दिले.

सिमेंटच्या पत्र्याचे काम एवढे अवघड नसते, आणि नेमके म्हणूनच ते बेपर्वाईने होते. जुन्या पत्र्याचा पहिला धोका ॲस्बेस्टसचा नाहीच, तो पाय आरपार जाऊन खाली पडण्याचा आहे. पावसाळ्याआधी छपरावर चढणाऱ्याने फळी टाकल्याशिवाय पत्र्यावर पाऊल ठेवू नये. कोकणात शेवाळ काढण्यासाठी तारेचा ब्रश घासणे किंवा जोराच्या पाण्याचा मारा करणे ही स्वच्छता नसून पत्र्याचा झिजलेला पृष्ठभाग खरवडण्याची पद्धत होय, आणि पन्हळीत साचलेल्या गाळातही सुटे तंतू असतात. कोरडा पत्रा इलेक्ट्रिक कटरने कापणे हे यांतले सर्वांत वाईट. काढायचाच असेल तर पत्रा पाण्याने भिजवावा, जे-हुकचे बोल्ट कापावेत, पत्रा अखंड सोडवून हातोहात खाली घ्यावा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा ज्या घरांचे पत्रे उडून फुटले त्यांना अर्थातच ही सवड मिळाली नाही. अशा वेळी तुकडे आधी ओले करून हातमोज्यांनी गोळा करणे आणि बारीक चुरा झाडूऐवजी ओल्या फडक्याने टिपणे एवढे तरी हातात असते.

गुंडाळलेला पत्रा पुढे कोठे जातो, या प्रश्नापाशी बहुतेकांची जिज्ञासा संपते. ॲस्बेस्टसयुक्त कचरा जाळून नष्ट होत नाही, कुजतही नाही. तो बंदिस्त अवस्थेत, घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या भरावक्षेत्रात पुरावा लागतो, आणि महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची अशी केंद्रे आहेत. प्रत्यक्षात फुटके तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात किंवा जोत्याच्या भरावात जातात, आणि चांगला निघालेला पत्रा भंगाराच्या दुकानातून निम्म्या किमतीत गुरांच्या गोठ्यावर किंवा संडासाच्या आडोशावर चढतो, जेथे त्याला नव्या बोल्टसाठी पुन्हा नवी भोके पाडली जातात.