माहुलीवरचा बालसुलतान

आसनगाव स्टेशनात उतरलं की सुळक्यांची जी रांग नजरेत भरते, ती माहुली. शहापूर तालुक्यातला हा गड सुमारे २,८०० फूट उंच आहे. १६३६ साली या गडावर एक सुलतान राहत होता आणि तो होता एक लहान पोर! त्याला ताब्यात घ्यायला दोन फौजा गडाला वेढा घालून बसल्या होत्या. एक मुघल बादशहा शहाजहानची, दुसरी विजापूरच्या आदिलशहाची. एका पोरासाठी एवढा आटापिटा कशाला?

१६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि निजामशहा मुघलांच्या कैदेत गेला. निजामशाही बुडाली, असंच सगळे धरून चालले. पण शहाजीराजे भोसल्यांनी त्याच घराण्यातलं एक मूल हुडकलं, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि बुडालेलं राज्य तीनेक वर्षं चालवून दाखवलं. शाहीचे हजारो सैनिक, कित्येक किल्ले, सगळा कारभार त्या एका पोराच्या नावावर!

शहाजीराजे स्वतःच का बसले नाहीत गादीवर? कारण बाकीचे सरदार त्यांच्या बरोबरीचे. बरोबरीच्या माणसाला मुजरा कोण करणार? पोराच्या अंगात मात्र निजामाचं रक्त होतं, त्यामुळे त्याच्यापुढे वाकण्यात कुणालाच कमीपणा नव्हता. देवळातली मूर्ती बोलत नाही, कौल गुरवाच्या तोंडून कळतो, तसंच हे. मुजरा पोराला, हुकूम शहाजीराजांचा. कागदोपत्री ते सुलतानाचे चाकर, प्रत्यक्षात राज्याचे कर्तेधर्ते. चाकरीतून सत्ता कमावण्याचा इतका धाडसी डाव आपल्या इतिहासात क्वचितच कुणी मांडला असेल.

आणि ही फक्त दख्खनची रीत समजू नका. इंग्लंडच्या राजवाड्यात राजाच्या शौचाच्या वेळी हजर राहणारा मानकरी असे, आणि बड्या घराण्यातले लोक त्या जागेसाठी धडपडत! कारण उघड आहे: जो राजाच्या इतका जवळ, त्याचा शब्द राजाच्या कानात आधी. १८३९ मध्ये तर कमालच झाली. होऊ घातलेला पंतप्रधान रॉबर्ट पील व्हिक्टोरिया राणीला म्हणाला, तुमच्या दिमतीच्या काही सरदारबायका बदला, त्या आमच्या विरोधी पक्षाच्या घरातल्या आहेत. राणी अजून वीस वर्षांचीही नव्हती. तिने साफ नकार दिला, आणि पीलने सरकार बनवायचंच नाकारलं. राणीच्या महालातल्या बायकांवरून एक सरकार अडलं!

माहुलीवर मात्र डाव मोडला. वेढ्यापुढे शहाजीराजांना शरण यावं लागलं. तह झाला, पोर मुघलांच्या स्वाधीन करावं लागलं. त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली आणि निजामशाही कायमची संपली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि पुढे बंगळूरला त्यांनी आपला दरबार थाटला. माहुलीवर महादरवाजा आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या अजून आहेत. चढ दमवणारा आहे, पण एकदा जाऊन बघाच.